हजार रुपयांच्या आतबाहेर : वाईनविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या दुकानांत साधारण सातशे ते बाराशे रुपयांना मिळणाऱ्या रेड आणि व्हाइट वाईनविषयी मी गेल्या अंकात लिहिले होते. या किमतीत भारतीय व्हाइट ही भारतीय रेडपेक्षा बहुधा सरस निघते आणि बाटली बिघडते ती कारखान्यापेक्षा दुकानात व घरात जास्त, असे त्या लेखाचे म्हणणे होते. त्यावर बरीच पत्रे आली. काही वाचकांनी सहमती कळवली, काहींनी कान उपटले आणि बहुतेकांनी प्रश्न विचारले. मी प्रशिक्षित परीक्षक नाही. पदरच्या पैशाने बाटली आणून घरच्या जेवणाबरोबर पिणारा हौशी माणूस आहे, तेव्हा पुढील उत्तरांतील चवीविषयीची मते त्याच हिशेबाने वाचावीत.

प्रश्न : आम्ही दोघे पन्नाशीचे आहोत. आजवर लग्नसमारंभात कोणी पुढे केली तेवढीच वाईन प्यालो. आता घरी आणून पाहावी असे वाटते, पण दुकानातली नावे वाचूनच गोंधळ उडतो. पहिली बाटली कोणती घ्यावी? (वाचक, विलेपार्ले)

पहिली बाटली चेनिन ब्लां या द्राक्षाच्या व्हाइट वाईनची घ्यावी. हे द्राक्ष मूळचे फ्रान्सच्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले. दक्षिण आफ्रिकेत ते मोठ्या प्रमाणावर लावले जाते आणि नाशिकमध्येही ते चांगले रुळले आहे. उष्ण हवेत पिकूनही त्याचा आंबटपणा टिकून राहतो, हा त्याचा मोठा गुण आहे, कारण व्हाइट वाईनमधून आंबटपणा गेला की उरते ते निव्वळ मिळमिळीत पाणी. नाशिकच्या सुला कंपनीची चेनिन ब्लां जराशी गोडसर असते. पेल्यात ओतल्यावर प्रथम पिकल्या पेरूचा आणि अननसाचा वास येतो, घोट घेतल्यावर गोडी जाणवते आणि गिळताना मोसंबीच्या सालीसारखा किंचित कडसर आंबटपणा मागे राहतो. नव्याने पिणाऱ्याला ती सहज आवडते. गोडवा नको असेल तर अकलूजच्या फ्रटेलीची किंवा नाशिकच्याच यॉर्कची चेनिन पाहावी; दोन्ही मला अधिक कोरड्या वाटतात.

दुसरी बाटली सोव्हिन्यों ब्लांची. येथे मात्र सावध करणे भाग आहे. या द्राक्षात हिरव्या ढोबळ्या मिरचीतला वास देणारेच संयुग असते, त्यामुळे बाटली उघडताच नुकत्याच चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा आणि ओल्या गवताचा दरवळ उठतो. काहींना तो पहिल्याच घोटात जिंकतो, तर काहींना हे पेय आहे की कोशिंबीर असा प्रश्न पडतो. मी स्वतः पहिल्या गटातला आहे. दोन्ही प्रकारांच्या ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या मिळाल्या तर एकाच संध्याकाळी दोन पेले शेजारी ठेवून चाखाव्यात. आठवड्याच्या अंतराने प्यायलेल्या दोन वाईनमधला फरक ध्यानात राहत नाही. शेजारी ठेवल्या की तो लपत नाही.

रेडकडे त्यानंतर वळावे आणि सुरुवात शिराझने करावी. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास असतो. हे वर्णनकाराचे काव्य नव्हे, मिरीत असलेले रोटंडोन नावाचे संयुग या द्राक्षाच्या सालीतही सापडते. मसाल्याच्या जेवणाला ते परके वाटत नाही. थोडे अधिक पैसे घालण्याची तयारी असेल तर सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि ग्रोव्हरची ला रिझर्व्ह या दोन बाटल्या मी निःशंकपणे सुचवीन. ला रिझर्व्हमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन काळ्या द्राक्षांचा मेळ असतो. दोन्ही ओक लाकडाच्या पिंपात राहिलेल्या असल्यामुळे त्यांना किंचित धुरकट, व्हॅनिलासारखा वास असतो आणि तुरटपणा बोथट झालेला असतो. फ्रटेलीची सांजोवेझे ही रेड यांहून हलकी आणि अधिक आंबट असते. टोमॅटोच्या रश्श्याबरोबर ती चांगली लागते, पण ‘रेड म्हणजे दणकट’ अशी अपेक्षा धरून बसलेल्याची निराशा करते.

प्रश्न : आपण व्हाइटला झुकते माप देता. आम्हाला रेड आवडते. स्वस्त भारतीय रेड खरोखरच कमी दर्जाची असते की हा केवळ आपला पूर्वग्रह आहे? (वाचक, चेंबूर)

आवड माझी असेल, पण कारण वेलीत आहे. युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेल झोपी जाते आणि वसंतात उठते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, ती काडी तयार होण्यासाठी. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी होते, ती फळासाठी. मग जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणी होते. थंडीत रात्री गार आणि दिवसा ऊन असल्याने द्राक्षे छान भरतात. मात्र तोडणीच्या दिवसांत उन्हाचा पारा वर चढू लागतो, मण्यातली साखर भराभर वाढते आणि साल व बी मात्र त्या वेगाने पिकत नाहीत. व्हाइट वाईन करताना रस काढून साल-बी बाजूला टाकतात, तेव्हा तिचे फारसे बिघडत नाही. रेडला रंग आणि तुरटपणा सालीतूनच घ्यावा लागतो, त्यामुळे साल कच्ची असली की वाईनमध्येही कच्चा, जिभेला ओरखडे काढणारा तुरटपणा उतरतो.

यावर उपाय आहेत. वेलीवर घड कमी ठेवणे, तोडणीसाठी थांबण्याचा धोका पत्करणे, वाईन पिंपात मुरू देणे, हे सर्व चांगले उत्पादक करतात. पण या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो आणि तो बाटलीच्या किमतीत दिसतो. म्हणूनच आठशे रुपयांत अप्रतिम व्हाइट मिळू शकते आणि तेवढ्याच पैशांत बरी म्हणावी अशी रेड मिळते. हजार-बाराशेच्या पुढे गेल्यावर हे अंतर बरेच मिटते.

प्रश्न : आम्ही नावाजलेली रेड आणली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे फ्रिजमध्ये न ठेवता खोलीच्या तापमानाला प्यालो. घशात जळजळ झाली आणि चव काढ्यासारखी लागली. वाईन खराब होती का? (वाचक, डोंबिवली)

वाईन बहुधा निर्दोष होती; दोष खोलीचा होता. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा आहे, जिथे खोली म्हणजे सोळा ते अठरा अंश सेल्सिअस. डोंबिवलीत मे महिन्यातल्या संध्याकाळी बैठकीची खोली तीस अंशांवर असते आणि तीस अंशांवर कोणत्याही रेडमधला अल्कोहोल इतका वर येतो की नाकाला फळाचा वासच पोचत नाही. घशातली जळजळ त्याचीच. आम्लता आणि अल्कोहोल यांचा तोल त्या उष्णतेत सुटतो आणि उरते ते गरम, गोडूस, काढ्यासारखे पाणी.

रेड पिण्याआधी तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवावी. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी घालून त्यात बाटली दहा-बारा मिनिटे बुडवावी. नुसता बर्फ घेऊ नये. पाणी असल्याशिवाय बाटलीला सर्व बाजूंनी गारवा लागत नाही. पेल्यात थोडी थोडी ओतावी, कारण आपल्या हवेत पेला पंधरा मिनिटांत पुन्हा कोमट होतो. आपल्या शहरात रेड किंचित जास्त गार ओतलेली परवडते, कमी गार ओतलेली परवडत नाही. व्हाइट आठ-दहा अंशांवर चांगली लागते. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो, म्हणजे रात्रभर ठेवलेली व्हाइट उलट जास्तच गार असते आणि तिचा वास मिटून जातो. ती बाहेर काढून दहा मिनिटांनी ओतली की पेरू-अननस परत येतात.

आपली तीच बाटली अजून शिल्लक असेल तर गार करून पुन्हा चाखावी, मग निर्णय द्यावा.

प्रश्न : आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस मासे असतात. माशांबरोबर व्हाइट, मटणाबरोबर रेड, एवढे ठाऊक आहे. पण आमचे मासे म्हणजे मालवणी मसाला, नारळ, कोकम. त्यांचे काय? (वाचक, माहीम)

या पत्राने मला खूप आनंद दिला, कारण वाईनच्या पुस्तकांतला मासा बहुधा लोण्यात परतलेला आणि लिंबू पिळलेला असतो. आपल्या ताटातला मासा तसा नसतो.

आधी रेड का नको ते पाहू. रेडमध्ये लोहाचा सूक्ष्म अंश असतो आणि माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडली की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव येते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांबरोबर हे फार जाणवते. पापलेट तुलनेने सोज्वळ असल्यामुळे कमी जाणवते. दुसरी अडचण तिखटाची. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो आणि तुरटपणाने आणखी बोचरा होतो, त्यामुळे मालवणी मसाल्याच्या सुरमईवर ओकमध्ये मुरलेली कॅबर्ने घेणे म्हणजे पैसे देऊन तोंड भाजून घेणे. तिखटाला हवी ती गार, कमी अल्कोहोलची आणि किंचित गोडसर व्हाइट. येथे गोडसर चेनिन ब्लां, जिला जाणकार मंडळी नाक मुरडतात, ती अगदी आपल्या जागी बसते.

कोकमाचे गणित निराळे आहे. पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला की वाईन अळणी लागते. कोकम घातलेल्या माशांच्या तिकल्याबरोबर मऊ, गोडसर वाईन पचपचीत होते; तिथे सोव्हिन्यों ब्लांच हवी. नारळाच्या रसातल्या कोलंबीच्या कढीला मात्र चेनिन बरी, कारण नारळाचा स्निग्धपणा तिच्या फळांच्या वासाला उचलून धरतो. रव्यात घोळून कुरकुरीत तळलेल्या बोंबलांवर मी ब्रूट, म्हणजे फसफसणारी कोरडी वाईन, घेतो. तळणीचा तेलकटपणा बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. बोंबील आणि ब्रूट या जोडीसाठी मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. सोलकढी मात्र वाईनबरोबर घेऊ नये. ती जेवणाच्या शेवटी, पेला रिकामा झाल्यावर घ्यावी. दोघी एकमेकींना मारतात.

मटणाच्या सुक्क्याबरोबर शिराझ चालते, कारण मांसातली चरबी आणि प्रथिने तुरटपणाला मऊ करतात. फक्त तिखट जरा हात राखून घालावे.

आपण विचारले नाही, पण शाकाहारी वाचकांसाठी जाता जाता सांगतो, की कोथिंबीर वडी आणि सोव्हिन्यों ब्लां यांचे फार जमते; हिरव्याला हिरवे भेटते. वांग्याच्या भरिताला हलकी, गार केलेली रेड चांगली. वरणभात-तूप-लिंबाला कोणतीही वाईन नको.

प्रश्न : दुकानात बाटली निवडताना काय पाहावे? आणि गर्दीत उभे राहून वाईन मागणे आम्हा स्त्रियांना अवघड जाते. सुपरमार्केटमध्ये ती का मिळत नाही? (वाचक, ठाणे)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला होता. त्याला मोठा विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. त्या वादात दोन्ही बाजूंना तथ्य होते असे मला वाटते, पण त्याचा एक परिणाम असा, की आजही वाईन घ्यायला व्हिस्की-बिअरच्या गिऱ्हाइकांत उभे राहावे लागते आणि काउंटरवरचा मुलगा तिच्याविषयी काही सांगू शकत नाही. दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान दुकाने बरीच रिकामी असतात. आत चालत जाऊन स्वतः बाटली उचलता येईल अशी काही मोठी, वातानुकूलित दुकाने आता उपनगरांतही आहेत. चार पावले जास्त चालून तिथेच जावे, आणि ते केवळ संकोच टाळण्यासाठी नव्हे.

कारण वाईनचा खरा शत्रू ऊन आहे. रस्त्याकडे तोंड करून असलेल्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, महिनोन्महिने उभी असलेली बाटली मुंबईच्या उन्हाळ्यात शिजते. बूच असलेली बाटली असेल तर वरच्या वेष्टनावरून बोट फिरवावे. बूच काठाच्या वर आलेले लागले किंवा वेष्टनाखालून चिकट ओघळ आलेला दिसला, तर आतली वाईन तापून फुगली होती असे समजावे आणि बाटली परत ठेवावी. व्हाइटचा रंग पाहावा. फिकट गवती असावा. चहाच्या दिशेने झुकलेला असेल तर ती शिळी आहे. स्क्रूचे झाकण पाहून नाक मुरडू नये. या किमतीत मला ते बुचापेक्षा भरवशाचे वाटते, कारण खराब बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास त्यात येत नाही.

मग मागचे-पुढचे लेबल वाचून वर्ष शोधावे. ते तोडणीचे वर्ष असते. हजार रुपयांची व्हाइट चालू किंवा गेल्या वर्षाची असावी, फार तर त्यामागच्या. जुनी ती चांगली हा समज या किमतीच्या व्हाइटला लागू नाही. रेडला आणखी एक-दोन वर्षे चालतात. लेबलवर वर्षच नसेल तर मी ती बाटली घेत नाही. आणि आतल्या फळीवरची बाटली मागावी. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.

परवान्याविषयीही काही वाचकांनी विचारले आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभाग वार्षिक आणि आजीवन परवाने देतो. नियमित घेणार असाल तर तो काढून ठेवावा.

प्रश्न : अमेरिकेत राहणारे आमचे मेहुणे म्हणतात, भारतीय वाईन पिण्यापेक्षा न प्यालेली बरी, थोडे जास्त पैसे देऊन परदेशी आणावी. (वाचक, मुलुंड)

मेहुण्यांना अमेरिकेत जी बाटली दहा डॉलरला मिळते, ती येथे त्या भावात मिळत नाही, हे त्यांना नम्रपणे सांगावे. आयात वाईनवरचे सीमाशुल्क अनेक वर्षे दीडशे टक्के राहिले. त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा चढतो. उलट महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखून इथल्या वाईनला करात मोठी सवलत दिली आणि नाशिक परिसरातले कारखाने त्यानंतर वाढले. परिणामी, येथे दीड हजाराला घेतलेल्या परदेशी बाटलीत मूळ वाईनचा वाटा फार थोडा असतो. ती तिच्या देशातली अगदी तळाच्या फळीवरची वाईन असते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला आणि पाच ते पंधरा अमेरिकी डॉलरच्या बाटल्यांवरचे शुल्क दीडशेवरून शंभर टक्क्यांवर आले, पुढे ते टप्प्याटप्प्याने आणखी उतरणार आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियन शिराझ तेवढी पाहण्यासारखी झाली आहे. दीड-दोन हजारांच्या घरात रेडच हवी असेल तर तिचा विचार करावा, हे मी मान्य करतो. व्हाइटसाठी नाशिक सोडून दूर जाण्याचे कारण दिसत नाही.

आणि मेहुणे पुढच्या खेपेस आले की दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवाव्यात. फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रेदेरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाईन आणि तीच वाईन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली होती. रंगवलेल्या पेल्याचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी रेडसाठी वापरतात ते शब्द वापरले. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकलेल्यांचे डोळे नाकाला असे फसवतात, तर लेबल मेहुण्यांना किती फसवत असेल!

प्रश्न : माझ्या सासूबाई ख्रिसमसला गोव्याहून पोर्ट वाईन मागवतात. आपण तिचा उल्लेखही केला नाही. (वाचक, वसई)

राहून गेला खरा. गोव्याची पोर्ट बहुधा बंगलोर ब्लू या काळ्या, उग्र गोड वासाच्या द्राक्षापासून करतात. पोर्तुगालच्या दौरू खोऱ्यातल्या मूळ पोर्टमध्ये आंबवण अर्ध्यावर असताना द्राक्षाचा मद्यार्क घालतात, त्यामुळे तिची साखर टिकते आणि अल्कोहोल एकोणीस-वीस टक्क्यांवर जातो. गोव्याची बाटली त्या जातीची नाही, स्वस्त आणि गोड आहे, आणि तसा तिचा दावाही कोणी गंभीरपणे करत नाही. फ्रुटकेकबरोबर, गार करून, लहान पेल्यात ती मला आवडते. सासूबाईंना तसे कळवावे.

प्रश्न : रोज एक पेला रेड हृदयाला चांगली असते ना? (वाचक, बोरिवली)

हृदयासाठी म्हणून पिऊ नये. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. हिशेब माहीत असलेला बरा. तेरा टक्क्यांच्या वाईनचा दीडशे मिलीचा पेला म्हणजे सुमारे साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल, अर्थात व्हिस्कीचे दीड स्मॉल पेग. ‘वाईन म्हणजे काय, फळाचा रस’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. चवीसाठी, जेवणाबरोबर आणि थोडी, यापलीकडे तिचे समर्थन मी करणार नाही.

प्रश्न : रेड प्यायली की माझे डोके दुखते. सल्फाइटमुळे असे होते का? (वाचक, दादर)

बहुतेकांच्या बाबतीत नाही. वाईन टिकावी म्हणून वापरतात ते सल्फाइट व्हाइटमध्ये सहसा रेडपेक्षा जास्त असते आणि सुकवलेल्या जर्दाळूत तर दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त. जर्दाळू खाऊन डोके दुखत नसेल तर सल्फाइटवर आळ घेऊ नये. दम्याच्या रुग्णांना मात्र सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आधी साधे उपाय करून पाहावेत. रिकाम्या पोटी पिऊ नये, प्रत्येक पेल्यामागे तेवढेच पाणी प्यावे. तरीही दुखले तर व्हाइटवर यावे, आणि तिनेही दुखले तर वाईन सोडावी.

प्रश्न : आम्ही दोघे एका वेळी अर्धीही बाटली संपवत नाही. उरलेली किती दिवस टिकते? (वाचक, कांदिवली)

झाकण घट्ट लावून, उभी, फ्रिजमध्ये ठेवावी, रेडसुद्धा. व्हाइट दोन-तीन दिवस आणि रेड तीन-चार दिवस बरी राहते. उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर आणखी टिकते, कारण हवेला जागा राहत नाही. ओट्यावर ठेवलेली बाटली मुंबईत दुसऱ्या दिवशीच आंबूस वास मारू लागते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या व्हाइटच्या तळाशी काचेच्या कणांसारखे खडे दिसले तर घाबरू नये. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, गारव्याने खाली बसतात आणि अपाय करत नाहीत.

प्रश्न : २०१४ साली लग्नात भेट मिळालेली व्हाइट वाईनची बाटली शोकेसमध्ये जपून ठेवली आहे. आता तिची किंमत किती झाली असेल? (वाचक, गोरेगाव)

रिकाम्या बाटलीइतकी.

प्रश्न : फेब्रुवारीत मित्रमंडळी मिळून नाशिकला द्राक्षतोडणी पाहायला जाण्याचा विचार आहे. तिथे काय पाहावे आणि वाईन तिथून आणलेली स्वस्त पडते का? (वाचक, परळ)

वेळ उत्तम निवडली आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क एकमेकांपासून जवळ आहेत आणि दोन्हीकडे कारखाना दाखवून वाईन चाखायला देतात. शनिवार-रविवारी मात्र सुलाला जत्रेसारखी गर्दी असते. शक्य असेल तर मधल्या वारी, सकाळी जावे. तोडणी उन्हाआधी, पहाटेपासून सुरू होते. दुपारी बारानंतर पोचलेल्याला रिकामे क्रेट तेवढे दिसतात. एखाद्या लहान कारखान्यालाही आधी फोन करून भेट द्यावी. मालक किंवा वाईन तयार करणारा माणूस स्वतः बोलायला भेटण्याची शक्यता तिथेच असते. निफाडजवळच्या रेव्हेलोने सिसिलीतली ग्रिलो आणि नेरो दाव्होला ही द्राक्षे लावली आहेत. मुंबईच्या दुकानांत ती सहसा दिसत नाहीत, म्हणून तिथे गेल्यावर चाखावीत. चाखायच्या खोलीत शक्य झाल्यास टाकीतून नुकतीच काढलेली, अजून गढूळ असलेली नवी चेनिन मागून पाहावी. ती यीस्टमुळे पावासारखी वास मारते, पण तयार वाईन कुठून निघते ते तिच्यावरून कळते.

किमतीत फार फरक पडत नाही. फायदा आहे तो ताजेपणाचा आणि मुंबईत न मिळणाऱ्या प्रकारांचा. चाखणार असाल तर गाडी चालवणारा वेगळा न्यावा. घेतलेल्या बाटल्या परतताना डिकीत ठेवू नयेत. कसारा घाटात किंवा भिवंडीच्या कोंडीत गाडी दोन तास उन्हात उभी राहिली, तर डिकी भट्टीसारखी तापते आणि गंगापूरपासून जपून आणलेली व्हाइट ठाण्याच्या आधीच शिजते. बाटल्या टॉवेलात गुंडाळून पुढच्या सीटच्या मागे, पायाशी, एसीचा वारा लागेल अशा ठेवाव्यात. चहाला थांबलात तर कोणीतरी गाडीत बसून राहावे आणि एसी बंद करू नये.